याव लोकांचा सरदार

कार्ल्यात आगबोटीत बसून आलेला माणूस एकच, अंबूबाईचा नवरा कोंडाजी. ही गोष्ट त्याने गावाला कधी विसरू दिली नाही, आणि अंबूबाईला तर नाहीच नाही.

पहिल्या महायुद्धात, सोळा साली, तळेगावात लष्करभरती आली. आफ्रिकेत जर्मनांशी लढाई चालली होती आणि तिकडे खेचरं हाकायला माणसं हवी होती. घरचा नांगर हाकायचा कोंडाजीला कंटाळा. समुद्रापलीकडे जाऊन खेचरं हाकण्यात मात्र त्याला पराक्रम दिसला. आई-बापांना न विचारता अंगठा उठवून तो मोकळा झाला. बायकोला विचारायचा प्रश्नच नव्हता. अंबूबाई तेव्हा बारा वर्षांची होती आणि लग्नाला वर्ष झालं होतं. नवऱ्याचं तोंड तिने धड पाहिलेलंही नव्हतं.

पुढची पाच वर्षं ती सासरी जातं ओढत राहिली. लढाई संपली, पलटणी परत आल्या, कामशेतचे दोघे आणि वडगावचा एक घरी येऊन कामाला लागले. कोंडाजीचा पत्ता नाही. सासू म्हणे, "हिचा पायगुण." सासूला दुसरं म्हणायला येत नव्हतं.

एकवीस साली कोंडाजी उगवला. अंगात पितळी बटणांचा खाकी कोट, गालफडं बसलेली, आणि तोंडात याव लोक.

याव हे तिकडच्या एका मोठ्या तळ्याकाठचे लोक. एवढंच खरं. बाकीचं कोंडाजीने चावडीवर बसून रचलं. याव लोकांनी म्हणे त्याला रानात पकडलं. खायलाच. चुलवणावर रांजणाएवढं भांडं चढवलं, त्यात मीठ टाकलं. कोंडाजीने बसल्या जागी अशी आरोळी ठोकली की त्यांचा राजा थरथरला, पाया पडला, आणि त्याने कोंडाजीला आपला सरदार केलं. हाताखाली नोकरचाकर, हातात भाला.

"भाला कुटं हाय आबा?" कुणी विचारलंच तर उत्तर तयार असे.

"बोटीवर सायबानं काढून घेतला. सायबाला भ्या वाटलं."

आणि गाव हे ऐकून घेई. नुसतं ऐकूनच नाही, पुन्हा पुन्हा मागून घेई. आपल्यापेक्षा रानटी कोणीतरी या जगात आहे, एवढं ऐकलं की गावाला रात्री झोप छान लागे. शाळेच्या मास्तरांनी तर त्याला भूगोलाच्या तासाला बोलावलं. नकाशा टांगून म्हणाले, "कोंडाजीराव, आपला मुलूख दाखवा." कोंडाजीने बोट ठेवलं ते थेट समुद्रात. मास्तरांनी मान डोलावली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर ट्रेनिंग झालेले होते.

"त्यांची भाषा कशी असती?" एका पोराने विचारलं.

"भाषा कसली! कोंबडी खुडूक बसल्यावर करती तसला आवाज."

तेव्हापासून तो 'याव कोंडाजी' झाला. पुढे पुढे याव लोक हे त्याच्या हातातलं दांडकं झालं. ज्याला हाणायचं त्याला तो याव लोकांच्या नावाने हाणी. भाकरी करपली की, "यावांच्यात असल्या बायकूला झाडाला बांधत्यात." अंबूबाई देवाला निघाली की, "यावांच्यात बाया उंबऱ्याभाईर पाय टाकीत न्हाईत." जे त्याच्या सोयीचं ते सगळं यावांच्यात होतं. त्या लोकांच्या भाग्याचा हेवा वाटावा.

गावात महिपती नावाचा एक गरीब माणूस घरजावई म्हणून राहत होता. सासऱ्याला मुलगा नव्हता, म्हणून हा बायकोच्या घरी येऊन जमीन कसत होता आणि चांगली कसत होता. तो चावडीवर काही बोलायला लागला की कोंडाजी म्हणे, "महिपती, तू गप ऱ्हा बाबा. यावांच्यात घरजावयाचं नाक कापून झाडाला टांगत्यात." लोक फिदीफिदी हसत. महिपतीचा हात नाकाकडे जाई. असं एकदा नाही, वीस-बावीस वर्षं चाललं. शेवटी महिपतीने चावडीवर येणं सोडलं.

पण अंबूबाईच्या मनात खरा काटा होता तो तिच्या आईचा. तिचं माहेर मळवलीला, म्हणजे हाकेच्या अंतरावर. आई, रतनबाई, लेकीला भेटायला आली की कोंडाजी ताडकन उठून मागल्या दाराने पसार होई. वाटेत समोरून सासू दिसली तर हा बहाद्दर बांधावरून खाली भातखाचरात उतरे आणि गुडघाभर चिखलात तिच्याकडे पाठ करून उभा राही, ती दिसेनाशी होईपर्यंत. एक शब्द नाही. 'या' नाही, 'बसा' नाही. गाव म्हणे, सरदार आहे, सासूला कशाला विचारील? रतनबाई वारली तेव्हासुद्धा तिचं तेच चाललं होतं, "अंबू, म्या त्याचा काय गुन्हा केलाय गं?" अंबूबाईने त्या दिवशी नवऱ्याला मनातून काढून टाकलं. भाकरी मात्र थापत राहिली. बायका असं करतात, आणि पुरुषांना ते कळतही नाही.

अंबूबाईची पोरं जगली नाहीत. एक कस्तुरा तेवढी राहिली. पंचेचाळीस साली दुसरी लढाई संपली तेव्हा कस्तुराला सतरावं लागलं होतं, आणि घरात भांडण पेटलं ते तिच्या लग्नावरून.

तळेगावच्या काच कारखान्यात हौशीराम नावाचा पोरगा होता. आई-बाप नाहीत, मावशीने वाढवलेला. भट्टीच्या धगीने डोळे लाल झालेले, पण माणूस सरळ. सुगीला मावशीकडे कार्ल्यात येई आणि दोघांचं काम एकटा उपसून जाई. कस्तुरा त्याला पाणी द्यायला गेली की तांब्या परत यायला जरा उशीर होई. अंबूबाईने ते पाहिलं होतं आणि तिला ते पसंत होतं. पोरगा घरात येऊन राहायला तयार होता. एवढी एक लेक उरली, ती डोळ्यांसमोर राहील, जमिनीला हात मिळेल. याहून सरळ हिशेब नाही.

कोंडाजी मात्र उसळला. "माझ्या घरात घरजावई? याव लोकांचा सरदार म्या! लोक थुकतील तोंडावर."

"लोक थुकतील तर पुसून घ्या," अंबूबाई म्हणाली. "पोर माझी हाय."

"पोर बापाची असती!" कोंडाजी एवढ्या जोराने ओरडला की गोठ्यातलं वासरू बिचकलं.

त्याने मग हट्टाने दुसरं स्थळ काढलं. डोंगरापलीकडे पवन मावळातला रखमाजी, दोन पोरांचा बिजवर, पोटाचा घेर मोठा आणि अक्कल त्या मानाने बेताची. रखमाजीचं भांडवल एकच. कोंडाजीच्या गोष्टी तो तोंड उघडं टाकून ऐके आणि मध्ये मध्ये "आरं तिच्या!" म्हणे. कोंडाजीला एवढं पुरलं. सुपारी फोडायचा रविवार ठरला.

कस्तुरा रडली नाही, पण जेवायची थांबली. अंबूबाईने दिराला सांगून पाहिलं, मास्तरांना सांगून पाहिलं. मास्तर म्हणाले, "कोंडाजीरावांचा अनुभव मोठा आहे." शिक्षणाने माणसाला शहाणपण येतं म्हणतात, कोणाला येतं ते पाहिलं पाहिजे.

त्याच आठवड्यात अंबूबाई वालाच्या शेंगा घेऊन लोणावळ्याच्या बाजाराला गेली. तिची बसायची जागा ठरलेली, चाँदभाई शिंप्याच्या दुकानाच्या पायरीशी. चाँदभाई मूळचा कार्ल्याचाच, तिला वहिनी म्हणणारा. त्या वर्षी लोणावळ्यात आजारी-जखमी सोल्जरांची छावणी पडली होती आणि तिच्यात काही आफ्रिकेतले होते. ब्रह्मदेशात लढलेले, आता घरच्या बोटीची वाट बघत बसलेले. त्यांतला एक आज दुकानात चाँदभाईच्या मशीनवर बसून झरझर शिलाई मारत होता.

"अंबूवैनी, भ्यायचं न्हाई," चाँदभाई म्हणाला. "हा सैदी. शुक्रवारी नमाजाला आला, मशीद सुटल्यावर माझ्या मागं मागं दुकानात आला, आणि मशीन बघून त्याचे हात शिवशिवायला लागले. त्याच्या गावी शिंपीच हाय तो. माझ्यापेक्षा काज चांगलं करतो, बोलू नका कुणाला."

"कुठला म्हनं?"

"तळं हाय एक मोठं, तिकडचा. जात याओ."

अंबूबाईच्या हातातली शेंगांची पाटी कलली.

"याव? चाँदभाई, ती मानसं खात्यात!"

चाँदभाई एवढा हसला की तोंडातली सुई पडली. "काल आमच्या घरी जेवला. जैतुनबीनं वरण-भात केला व्हता. दोन वेळा मागून खाल्ला, आणि जाताना तिच्यासमोर गुडघ्यावर बसून ताट दोन्ही हातांनी परत दिलं. ती मला म्हणती, बघा, शिका काहीतरी."

सैदीने वर पाहून हात कपाळाला लावला. दाढीत थोडे पांढरे केस, एक पाय जरा ताठ. अंबूबाईने त्याला नीट पाहून घेतलं. मग तिच्या डोक्यात जे आलं ते मावळातल्या बाईच्याच डोक्यात यावं. खोटं बोलणाऱ्यासमोर त्याचाच साक्षीदार उभा करायचा. आपला नवरा आगबोटीतून उतरला तो मुंबईतच कुठेतरी हमाली करून आला असणार, याव त्याने बघितलेला नसणार, अशी तिची खात्री होती. गावासमोर त्याची बोबडी वळली की रखमाजीही जाईल आणि सरदारकीही.

"चाँदभाई," ती म्हणाली, "रविवारी ह्याला घिऊन गावाकडं या. आमच्या घरी सुपारी हाय. म्हनावं तुझ्या मुलखाचा सरदार बघायला ये."

"जेवण असंल तर तो येईल," चाँदभाई म्हणाला. "मी तर येईनच."

रविवारी कोंडाजीच्या खळ्यावर घोंगड्या अंथरल्या होत्या. भात झोडून झालं होतं, पेंढ्याची उडवी रचली होती. एका बाजूला रखमाजी आणि त्याचे दोन भाऊ, दुसऱ्या बाजूला गावातली मंडळी, मास्तर, मधोमध खाकी कोट घालून कोंडाजी. तबकात सुपारी ठेवलेली. अंबूबाईने महिपतीलाही मुद्दाम बोलावलं होतं. तो उडवीच्या आडोशाला उभा होता. रखमाजीने नुकतंच "आरं तिच्या!" म्हटलं होतं, एवढ्यात चाँदभाई आणि त्याच्यामागे सैदी खळ्यावर आले.

बायकांनी पोरं मागे ओढली. चाँदभाई म्हणाला, "कोंडाभाऊ, तुमचा मानूस आणलाय. याव हाय."

कोंडाजीचा चेहरा पेंढ्यासारखा झाला. आता पळणार, असं अंबूबाईला वाटलं. तो पळाला नाही. सैदी जवळ आला तसा कोंडाजी उठला, घोंगडीवरून खाली उतरला, जमिनीवर उकिडवा बसला, मान खाली घातली आणि हातांची ओंजळ करून हळू हळू टाळी वाजवली. असं बसलेलं त्याला कार्ल्यात कोणी पाहिलं नव्हतं. सरदार उकिडवे बसत नाहीत. आपण काय करून बसलो ते कळल्यासारखा तो दचकला, पण तोवर सैदीही तसाच समोर बसला होता, तशीच टाळी वाजवत होता आणि त्याचे सगळे दात दिसत होते.

मग दोघं बोलायला लागले.

कोंडाजी बोलत होता. अडखळत नाही, आठवत नाही, भरभर. भाषा कोंबडीसारखी वगैरे मुळीच नव्हती. गोल, लांबवलेली, गळ्यातून येणारी, ऐकायला गोड. गाव गार पडलं. मास्तर म्हणाले, "पाहा!" रखमाजी छाती काढून इकडे तिकडे बघू लागला, सासरा त्यानेच घडवला असावा तसा. अंबूबाईला मात्र कळून चुकलं. हा खोटा नव्हता. साक्षीदार तिच्यावरच उलटला होता.

"काय म्हनतोय आबा?" रखमाजीने विचारलं.

कोंडाजीने घसा साफ केला. "म्हनतोय, तुमच्यामागं आमाला कुनी सरदार ऱ्हायला न्हाई. म्हनतोय, राजा अजून आठवन काढतो."

चाँदभाईने सहज सैदीकडे वळून विचारलं, "क्या बोला, भाई? ये सरदार था तुम्हारा?"

"सरदार?" सैदीला शब्द कळला. सैन्यात राहून त्याला मोडकं हिंदुस्तानी येत होतं. "नहीं, नहीं. सरदार नहीं. ये दामाद."

"दामाद?"

"ये ऐसा बैठा. दामाद बैठता ऐसा, औरत का लोग आता तब. मैं पूछा, किसका घर का दामाद? बोला, तालाब के पास, आबिती का घर. दो साल. औरत के गाँव में रहा, उसकी माँ का खेत खोदा." सैदीने हाताने कुदळ मारल्यासारखं केलं आणि कौतुकाने कोंडाजीच्या पाठीवर थाप दिली. त्याच्या मते तो चारचौघांत याची तारीफ करत होता.

चाँदभाई भला माणूस होता. हे मराठीत सांगावं की नाही ते त्याला कळेना. पण दामाद कळायला दुभाष्या कशाला लागतो? उडवीच्या आडून महिपतीचा आवाज आला, बावीस वर्षांनी पहिल्यांदा मोठा.

"म्हंजी घरजावई व्हता?"

खळ्यावर कोणी हसलं नाही, अजून. सगळे अंबूबाईकडे बघत होते. आफ्रिकेत सवत निघाल्यावर बाईने काय करायचं असतं ते गावाला ठाऊक होतं. ऊर बडवायचं असतं. अंबूबाईला तेवढा वेळ नव्हता. तबकातली सुपारी अजून अख्खी होती.

ती पुढे आली. "चाँदभाई, त्याला इचारा. त्यांच्यात घरजावयाचं नाक कापत्यात का?"

चाँदभाईने विचारलं. सैदीने आधी स्वतःच्या नाकाला हात लावून पाहिला.

"नाक? मेरा नाक है. मैं दामाद. मेरा बाप दामाद. सब आदमी दामाद. शादी होता तो आदमी जाता औरत के गाँव. घर औरत का. लड़की अपनी माँ को छोड़ के कहाँ जाएगा?" त्याने बायकांच्या घोळक्याकडे चकित होऊन पाहिलं. "यहाँ जाता?"

"जाती है," चाँदभाई म्हणाला.

"च् च्," सैदी म्हणाला.

आता मात्र महिपती हसायला लागला. नाक चोळत, डोळे पुसत, उडवीला टेकून हसत राहिला, आणि मग सगळं खळं हसलं. कालपर्यंत हेच लोक त्याला हसत होते, पण गावाला हसायला मिळाल्याशी मतलब. कोणाला, हे दुय्यम.

एक आगाऊ बाई मागून म्हणाली, "आन सासूला पाठ दाखवायचा ते बी तितलंच का?"

चाँदभाईने तेही विचारलं. सैदी एकदम गंभीर झाला. "सास के मुँह को देखेगा? तौबा. सास आती तो रास्ता छोड़ना. बात नहीं करना. बहुत इज्जत, बहुत शरम. जो देखता वो जानवर."

अंबूबाई हे ऐकून जागच्या जागी उभी राहिली. चिखलात उभा राहून जो पाठ करत होता, तो तिच्या आईला मान देत होता. त्या मूर्खाने तोंड उघडून एक वाक्य सांगितलं असतं तर म्हातारी सुखाने मेली असती. पण सांगितलं असतं तर सरदारकी गेली असती ना.

हसण्यात कोणाचं लक्ष नव्हतं तेव्हा कोंडाजी पुन्हा सैदीकडे वळला होता आणि खाली बघत त्या गोड भाषेत हळूच काही विचारत होता. एकदा, मग पुन्हा एकदा. सैदीने मान हलवली. चाँदभाई न राहवून म्हणाला, "आता काय?"

"बच्चा पूछता," सैदी म्हणाला. "लड़का था, बोलता. अब बड़ा होगा. मैं नहीं जानता, वो गाँव दूर. ये बोलता, मेरा लड़का. मैं बोला, कैसा तेरा? बच्चा माँ का. माँ का भाई, मामा, उसका."

हसणं थांबलं. रखमाजी उठला. त्याने पागोटं सावरलं, तबक पायाने बाजूला सारलं. "आमाला सरदाराची पोर सांगितली व्हती," तो म्हणाला. "घरजावयाची नको." आणि भावांना घेऊन डोंगराच्या वाटेला लागला. एवढ्याशा अकलेचा माणूस एवढं उपयोगाचं काम करून जाईल असं कोणाला वाटलं नसतं.

अंबूबाईने सैदीला आणि चाँदभाईला पोटभर जेवू घातलं. जेवताना सैदी सांगत होता की आमचे लोक एका डोंगरावरून सगळीकडे पांगले, त्या डोंगरावर झाड नाही, नुसतं गवत, आणि त्या डोंगराच्या नावावरूनच आम्ही याओ. पूर्वी व्यापार करत चालत थेट समुद्रापर्यंत जायचो. कस्तुरा मन लावून ऐकत होती. तिने त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

पाहुणे गेल्यावर कोंडाजी गोठ्यात जाऊन बसला. अंबूबाई कंदील लावून तिथेच आली. तिला जे विचारायचं होतं ते तिने उभ्या उभ्याच विचारलं.

"कसं घडलं ह्ये?"

"तापानं पडलो," कोंडाजी म्हणाला. "पलटन पुढं गेली. त्यांच्या हमालांनी मला झोळीत घालून खांद्यावरनं गावात नेलं. आबितीच्या आईनं पेज पाजली. बरा झालो. मंग... ऱ्हायलो."

"ज्यांनी खांद्यावरनं आनलं, त्यांना मानसं खानारे केलंत."

मग तो आपणहून सांगायला लागला. तिथे नांगर नाही, सगळं कुदळीने. सासूचं शेत खोदायचं, बायकोला घर बांधून द्यायचं, आणि बोलायचं काही नाही. जे बोलायचं ते तिच्या मामाने. याला घर शाकारता येईना. पावसाळ्यात दोनदा गळलं. पोर झालं, मामाने उचललं, मामाने नाव ठेवलं. आणि मग मामाने सांगितलं की तू आपल्या आईकडे जा.

"जायच्या आधी ते झाडाखाली पिठाची रास घालत्यात. सकाळी रास ढासळलेली असली तर त्या मानसानं निघायचं न्हाई, आसं हाय त्यांच्यात. म्या सकाळी उठून धावत गेलो बघाया." कोंडाजीने मातीवरून हात फिरवला. "जशीच्या तशी व्हती."

अंबूबाईने कंदील खाली ठेवला.

"म्हंजी म्या हितं तुमच्या आईचं जातं वडत व्हते, आन तुमी तितं पिठाची रास ढासळायची वाट बघत व्हता."

कोंडाजीने वासरापुढे पेंढा सारला.

"म्हून म्हनतो," तो शेवटी पुटपुटला, "घरजावई नको. लय वंगाळ असतंय ते. पोटचं पोर बी आपलं न्हाई."

"मंग हौशीरामला चांगलं वागवा," ती म्हणाली. "त्याचं पोर त्याचं म्हना. तुमाला ज्ये मिळालं न्हाई त्ये त्याला द्या. मानसाला तेवढी अक्कल नको? स्वतः मार खाल्ला म्हून महिपतीला बावीस वर्सं हानलंत. आता माझ्या पोरीला डोंगरापल्याड टाकत व्हता. सुपारी पुढल्या रविवारी फुटंल. तुमी कोट घालून बसा न्हाईतर गोठ्यात बसा."

आणि कंदील घेऊन ती निघून गेली. त्याला अंधारात बसायला तिची हरकत नव्हती.

सुपारी फुटली. माघात लग्न झालं. नवरदेवाचा कोट चाँदभाईने शिवला, काजं मात्र सैदीची होती, तो नंतर बोटीने गेला. हौशीरामने काच कारखाना सोडला आणि मृग निघायच्या आत निम्म्या खाचरांचे बांध घातले. कस्तुरा आईच्या डोळ्यांसमोर राहिली.

कोंडाजी खजील होऊन कायमचा गप्प बसला असेल असं कोणाला वाटत असेल, तर त्याने अशी माणसं पाहिलेली नाहीत. तीन महिने तो चावडीवर गेला नाही. चौथ्या महिन्यात गेला. पहिल्या दिवशी नुसता बसला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारलं, "आबा, यावांच्यात घरजावयाला कसं वागवत्यात वो?" एवढं पुरलं.

"राजावानी!" कोंडाजी म्हणाला. "घर त्याचं, शेत त्याचं. सासू समोर उभी ऱ्हात न्हाई, एवढा दरारा. म्या तितं दोन वर्सं काढली, माझ्या शब्दाभाईर मामा जात न्हवता. म्हून तर म्या हट्टानं घरजावई केला. बायकू नको म्हनत व्हती."

मास्तरांनी मान डोलावली. महिपतीला आता त्याच्या शेजारी जागा होती, आणि तोही, हरामखोर, मान डोलावत होता.

अंबूबाई खाचराकडे निघालेली, बरोबर कस्तुरा. दोघींनी हे सगळं वाटेवरून ऐकलं.

"आये," कस्तुरा म्हणाली, "बा पुन्यांदा सुरू झाला."

अंबूबाई वळली, चावडीच्या पायरीशी गेली आणि डोक्यावरच्या पाटीतली कुदळ काढून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवली.

"हौशीरामनं निम्मे बांध घातले. निम्मे ऱ्हायल्यात," ती म्हणाली. "उठा."

कोंडाजी उठला. मागे मंडळी विचारत राहिली, "मंग मामा काय म्हनला आबा?" तो बांधावरून चालता चालता वळून सांगणार होता, पण अंबूबाई त्याच्या मागोमाग येत होती.